आजोबांचं शेत, आईची पंचायत आणि भारताची घटना

डिचोली तालुक्यातल्या एका मुलीने विचारलं आहे: "काका, मी राज्यशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. घटनादुरुस्त्या पाठ केल्या, पण पहिली, बेचाळिसावी, चव्वेचाळिसावी, त्र्याहत्तरावी असे नुसते आकडे डोक्यात राहतात. आमचे आजोबा कूळ होते. आई पंच आहे. मी येत्या विधानसभेला पहिल्यांदा मत देणार. माझी मैत्रीण केप्याची, गावडा समाजातली. या दुरुस्त्यांनी आमच्यापैकी कुणाचं नक्की काय बदललं? आणि इतके कायदे झाले, तर आजोबांच्या शेताच्या एक-चौदावर अजून भाटकाराचंच नाव का?"

बाय, यादी बाजूला ठेव आणि तो एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा समोर घे. तीसहून अधिक वर्षं मी फोंडा, डिचोली आणि पणजी इथे कुळांचे, मुंडकारांचे (म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे) आणि पंचायतींचे खटले चालवतो आहे. घटना मी कॉलेजात वाचली, पण ती कळली मामलेदाराच्या कचेरीत, असल्या उताऱ्यांचे रकाने वाचताना.

त्या उताऱ्यावर कब्जेदाराचा, म्हणजे इथे भाटकाराचा, जमीनमालकाचा रकाना वेगळा आणि कुळाचा वेगळा. तुझ्या आजोबांचं नाव कुळाच्या रकान्यात आहे, म्हणजे त्यांना शेतावरून कुणी सहज उठवू शकत नाही. ही सुरक्षितता इथवर पोचायला मोठा प्रवास झाला आणि त्याची सुरुवात गोव्यात झालीच नाही.

घटना १९५० मध्ये आली तेव्हा मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्क होता, अनुच्छेद १९ मध्येही आणि ३१ मध्येही. बिहार, उत्तर प्रदेशात जमीनदारी मोडणारे कायदे झाले आणि जमीनदार त्याच हक्काच्या जोरावर न्यायालयात गेले. बिहारचा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने रद्दही केला. त्यावर उपाय म्हणून १९५१ ची पहिली दुरुस्ती आली. तिने ३१-अ आणि ३१-ब हे अनुच्छेद घातले आणि नववी अनुसूची निर्माण केली. या अनुसूचीत घातलेला कायदा मूलभूत हक्काचा भंग करतो म्हणून रद्द करता येणार नाही, अशी ती तजवीज होती. सुरुवातीला तिथे १३ कायदे होते, आज २८४ नोंदी आहेत. याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावर निर्बंधांची नवी कारणंही आणली, पण त्याचबरोबर निर्बंध 'वाजवी' असला पाहिजे हा शब्दही घातला. तो एक शब्द नागरिकाच्या किती कामी आला, हे पुढच्या सत्तर वर्षांच्या निकालांत दिसतं.

त्या वेळी आपल्याकडे सालाझारची राजवट होती. मुक्तीनंतर १९६४ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात कृषी कूळ कायदा झाला आणि कुळाला संरक्षण मिळालं. १९७६ मध्ये, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, त्या कायद्यात पाचवी दुरुस्ती झाली. इथे विद्यार्थी नेहमी फसतात. ही पाचवी दुरुस्ती कूळ कायद्याची आहे, घटनेची नव्हे. तिने कलम १८-अ आणलं: ठरवलेल्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसतो आहे, त्याने ती जमीन भाटकाराकडून विकत घेतली असं कायदा मानणार. कसेल त्याची जमीन हे गोव्यात खऱ्या अर्थाने तेव्हा आलं. भाटकार न्यायालयात गेले. तंटा वाढत गेला, आणि १९८४ मध्ये ४७व्या घटनादुरुस्तीने आसाम, बिहार, तामिळनाडू वगैरे राज्यांच्या जमीन कायद्यांसोबत आपली ही १९७६ ची दुरुस्तीही नवव्या अनुसूचीत गेली. १९५१ मध्ये बांधलेल्या छपराखाली डिचोलीतलं एक वायंगण शेत आलं ते असं.

दरम्यान १९७८ ची ४४वी दुरुस्ती होऊन गेली होती. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला आणि ३००-अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून ठेवला गेला: कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. फरक व्यवहारात असा की या हक्कासाठी अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात धावता येत नाही, अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावं लागतं. हे भाटकाराला लागू झालं तसंच आज मालक झालेल्या कुळालाही लागू आहे. उद्या रस्त्यासाठी नाहीतर एखाद्या प्रकल्पासाठी तुमचंच शेत घ्यायचं ठरलं, तर तुमच्या हातातही ३००-अ एवढंच आहे. कुळांच्या सभांत मी हे सांगतो तेव्हा लोक गप्प होतात.

मी भाटकारांच्या बाजूनेही उभा राहिलो आहे. सगळेच काही मोठ्या वाड्यातले नव्हते. एक विधवा बाई आठवते. नवरा तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, दर्यावरच वारला. दोन लहान शेतं होती, तीही नवरा घरी नसल्यामुळे दुसऱ्याला कसायला दिलेली. कायद्याने ती गेली. तिला नवव्या अनुसूचीचा न्याय समजावून सांगताना माझे शब्द अपुरे पडले. तरीही विचाराल तर एकंदरीने १९७६ चा कायदा योग्य होता असंच माझं मत आहे. पिढ्यान् पिढ्या बांध घालणाऱ्याला 'उद्यापासून येऊ नको' असं तोंडी सांगता येत होतं, ही स्थिती कुठल्याही घटनेला शोभणारी नव्हती.

आता यातली न्यायालयाची बाजू. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, संसद मूलभूत हक्क कमी करू शकत नाही. १९७१ ची २४वी दुरुस्ती म्हणाली, करू शकते. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने मधली वाट घालून दिली: दुरुस्ती करा, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. आणि २००७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या अनुसूचीत गेलेला कायदाही या कसोटीवर तपासता येईल. आपला कायदा १९८४ मध्ये गेला, म्हणजे त्या तारखेनंतर. म्हणून कूळ कायद्याला नववी अनुसूची म्हणजे अभेद्य कवच आहे, असं परीक्षेत लिहू नकोस आणि गावात कुणी सांगितलं तर मान डोलावू नकोस.

हे सगळं आपल्याला लागू झालं ते आपण घटनेच्या आत आलो म्हणून. घटना समितीत गोव्याचा कुणी नव्हता. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा घटना आधीच अकरा वेळा दुरुस्त झालेली होती. अकरावी, उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीबाबतची, नेमकी त्याच दिवसाची आहे. संपादन केलेला प्रदेश अनुच्छेद १ नुसार भारताचा भाग होतोच, पण पहिल्या अनुसूचीत गोवा, दमण आणि दीव हे नाव लिहिलं गेलं १९६२ च्या १२व्या दुरुस्तीने, २० डिसेंबर १९६१ पासून मागे जाऊन. तुझ्या पणजोबांना सरकारविरुद्ध सभेत उभं राहून बोलण्याचा हक्क मिळाला तो तेव्हा. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ ला मडगावात ज्यासाठी सभा घेतली, तोच हा हक्क.

नागरिकत्व आलं ते मात्र दुरुस्तीने नव्हे, १९६२ च्या मार्च महिन्यातल्या एका आदेशाने. स्वतः, आईवडिलांपैकी कुणी किंवा आजीआजोबांपैकी कुणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेलं असेल, तर ती व्यक्ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक. ज्यांना ते नको होतं त्यांनी महिन्याभरात लेखी कळवायचं. एका धर्मगुरूंनी तसं कळवलं आणि नंतर परवान्याशिवाय इथे राहण्याचा हक्क सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो नाकारला. आज पोर्तुगीज पासपोर्टच्या चौकशीसाठी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक तरुणाला मी आधी तो आदेश वाचायला देतो, आणि मग १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९, ज्यानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेणाऱ्याचं भारतीय नागरिकत्व राहत नाही.

१९६२ च्याच १४व्या दुरुस्तीने अनुच्छेद २३९-अ आणला आणि संघप्रदेशांना विधानसभा मिळण्याची वाट मोकळी झाली. डिसेंबर १९६३ मध्ये निवडणूक झाली आणि भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले. ३० जागा होत्या, त्यांतल्या २८ गोव्याच्या. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं, हा वाद तुला घरातून माहीत असेलच. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घटनेतल्या कुठल्याही तरतुदीखाली झाला नाही, कारण आपल्या घटनेत सार्वमताची सोयच नाही. संसदेने खास त्यासाठी कायदा केला. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. अंतर ३४,०२१. माझ्या घरात त्या दिवशी दोन्ही बाजूंची मतं पडली होती आणि दोन्ही बाजूंचे लोक आयुष्यभर एकाच पंक्तीला जेवले.

'५६व्या दुरुस्तीने गोवा घटक राज्य झालं' हे वाक्य तुमच्या गाइडांत सर्रास असतं. ते नेमकं नाही. नवं राज्य अनुच्छेद ३ खालच्या साध्या कायद्याने होतं, आणि तसा १९८७ चा पुनर्रचना कायदा झाला, ज्याने ३० मे १९८७ ला आपण पंचविसावं राज्य झालो. मग दुरुस्ती कशाला लागली? अनुच्छेद १७० म्हणतो, राज्याच्या विधानसभेत किमान ६० सदस्य हवेत. आपल्याला ठरवल्या होत्या ४० जागा. म्हणून ५६व्या दुरुस्तीने ३७१-आय हा छोटासा अनुच्छेद घातला: गोव्याच्या विधानसभेत किमान ३० सदस्य असतील. तुमच्या पुस्तकात यावर एक ओळही नसेल. मला मात्र वाटतं, आपल्या राजकारणाचं बरंचसं स्पष्टीकरण या छोट्या सभागृहात आहे.

ते कसं, ते पक्षांतरबंदीत बघ. १९८५ च्या ५२व्या दुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्ष सोडला, पक्षादेश मोडला तर आमदारकी जाणार. पण दोन सवलती ठेवल्या: एक-तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट', दोन-तृतीयांश गेले तर ते 'विलीनीकरण', आणि दोन्हींत आमदारकी शाबूत. शेकडो आमदारांच्या सभागृहात एक-तृतीयांश जमवायला कष्ट पडतात. आपल्याकडे सहा आमदारांच्या पक्षातून दोघे उठले की झाली फूट. १९९० चं दशक ज्यांनी पाहिलं त्यांना सरकारं किती लवकर बदलत होती ते आठवत असेल. त्याच काळातले गोव्याचे खटले आज देशभर वकील वाचून दाखवतात. रवी नाईक विरुद्ध भारत सरकार या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राजीनामा दिलाच पाहिजे असं नाही, वागणुकीवरूनही आमदाराने पक्ष स्वेच्छेने सोडल्याचं ठरवता येतं.

२००३ च्या ९१व्या दुरुस्तीने फुटीची सवलत काढून टाकली. मंत्रिमंडळालाही मर्यादा आली: सदस्यसंख्येच्या १५ टक्के. ४० चे १५ टक्के म्हणजे सहा. पण लहान राज्यांसाठी १२ ची सोय ठेवली, म्हणून आपल्याकडे मुख्यमंत्री धरून १२ मंत्री. आता हिशेब कर. बहुमताला २१ लागतात आणि त्यांतले १२ मंत्री होऊ शकतात. उरलेल्या नऊजणांना महामंडळं. म्हणजे सत्ताधारी बाकांवर बसून सरकारला अडचणीचा प्रश्न विचारणारा आमदार उरतोच कोण? मोठ्या राज्यांत या दुरुस्तीने मंत्रिमंडळं आवरली. आपल्याकडे तिचा तेवढा परिणाम झाला नाही, आणि त्याचं मूळ पुन्हा ४० या आकड्यात.

विलीनीकरणाची सवलत तर राहिलीच. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. बरोबर दोन-तृतीयांश. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी आठ गेले. आधी मूळ पक्ष विलीन व्हायला हवा की विधिमंडळ पक्षातल्या दोन-तृतीयांशांनी मान्य केलं की पुरे, हा खरा कायद्याचा प्रश्न. २०१९ च्या प्रकरणात सभापतींनी अपात्रतेचे अर्ज फेटाळले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. माझं मत वेगळं आहे आणि ते मी वकील म्हणून उघडपणे मांडत आलो आहे. दहाव्या अनुसूचीच्या चौथ्या परिच्छेदात मूळ राजकीय पक्षाच्या विलीनीकरणाचा उल्लेख आहे आणि त्या शब्दांना अर्थ असलाच पाहिजे. शिवाय हा निवाडा सभापतींकडे असूच नये. ते स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात. मणिपूरच्या खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेला स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करायला सांगितलं आहे. त्यासाठी आणखी एक घटनादुरुस्ती लागेल, आणि मतदार म्हणून तू ती मागितली पाहिजेस असं मला मनापासून वाटतं. १९८९ मध्ये अमलात आलेल्या ६१व्या दुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ केलं. तू उमेदवाराला विचारू शकतेस, "पाच वर्षं याच चिन्हावर राहणार ना?"

आता तुझी आई. ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली. त्याआधीही गोव्यात पंचायती होत्याच, पण निवडणूक कधी घ्यायची, बायकांना किती जागा द्यायच्या, हे सरकारच्या मर्जीवर. ७३व्या दुरुस्तीने तीन गोष्टी सरकारच्या हातातून काढून घेतल्या: दर पाच वर्षांनी निवडणूक, किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांना आणि निवडणूक घेणारा स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग. १९९४ चा आपला पंचायत राज कायदा त्यातूनच आला. २० लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या राज्यांना तालुका पातळीवरची पंचायत न नेमण्याची मुभा आहे, म्हणून आपल्याकडे गावची पंचायत आणि वर थेट जिल्हा पंचायत. आईचा प्रभाग पुढच्या खेपेला आरक्षित राहीलच असं नाही, कारण आरक्षण फिरतं असतं. पण एकदा निवडून आलेल्या कित्येक बायका पुढे खुल्या प्रभागातूनही जिंकल्या आहेत, हे मी माझ्या तालुक्यात पाहिलं आहे. तिला सांग, उभी राहा.

या आरक्षणाची खरी लढाई नगरपालिकांत झाली, २०२१ मध्ये. शहरांसाठीच्या ७४व्या दुरुस्तीतही एक-तृतीयांशाची अट आहे. मुरगाव, मडगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांच्या प्रभाग आरक्षणात ती नीट पाळली गेली नाही म्हणून लोक उच्च न्यायालयात गेले. १ मार्चला गोवा खंडपीठाने ते आरक्षणाचे आदेश रद्द केले आणि १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. सुनावणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. राज्य निवडणूक आयुक्ताचं काम राज्याच्या कायदा सचिवांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून दिलेलं होतं. न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने ही घटनेच्या आदेशाची थट्टा असल्याचं म्हटलं आणि देशातल्या सगळ्या राज्यांना बजावलं की सरकारी सेवेतली व्यक्ती या पदावर बसवायची नाही. गोव्यातल्या पाच पालिकांच्या प्रभागांवरून साऱ्या देशाच्या निवडणूक आयोगांचं स्वातंत्र्य पक्कं झालं. त्या संध्याकाळी निकालाची प्रत वाचताना माझे डोळे भरून आले होते.

मात्र आईला रोज अडवणारी गोष्ट त्याच ७३व्या दुरुस्तीत आहे. अनुच्छेद २४३-जी म्हणतो, राज्य विधिमंडळ पंचायतींना अधिकार 'देऊ शकेल'. द्यावेच लागतील असं म्हणत नाही. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, पण ते हातात द्यायचे की नाहीत हे पर्वरीत, विधानसभेत ठरतं. म्हणून डोंगरकापणीविरुद्ध, मेगा प्रकल्पाविरुद्ध ग्रामसभा ठराव घेते आणि नगरनियोजन खातं परवानगी देऊन मोकळं होतं. लोक मला विचारतात, ठरावाला अर्थ काय? अर्थ आहे. २००७ मध्ये 'प्रादेशिक आराखडा २०११' हा जमीन वापराचा आराखडा मागे घ्यावा लागला तो लोक गावोगावी उठले म्हणूनच. शिवाय नीट लिहिलेला ठराव उच्च न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहतो. आईला सांग, नुसतं 'विरोध करण्यात आला' असं इतिवृत्तात लिहू देऊ नको. सर्वे नंबर, उतार, झरा, विहिरी, रस्त्याची रुंदी हे सगळं लिहून घे आणि पंचायत सचिवाची सही असलेली प्रत त्याच आठवड्यात मागून घे.

या ठिकाणी ४२व्या दुरुस्तीबद्दल बोलायला हवं. आणीबाणीत, १९७६ मध्ये झालेली ती दुरुस्ती न्यायालयांचे हात बांधायला निघाली होती आणि तिचे बरेच भाग ४३व्या, ४४व्या दुरुस्तीने आणि मिनर्व्हा मिल्सच्या निकालाने पुसले, हे योग्यच झालं. ४४व्या दुरुस्तीने तर आणीबाणीतही जगण्याचा हक्क, अनुच्छेद २१, स्थगित करता येणार नाही असं ठरवून टाकलं. माझ्या मते घटनेतली ती सर्वांत मोलाची ओळ. पण त्याच ४२व्या दुरुस्तीने पर्यावरणरक्षणाचं तत्त्व ४८-अ मध्ये आणि नागरिकाचं कर्तव्य ५१-अ मध्ये घातलं. तुमच्या डिचोलीच्या खाणींबद्दलचे, नद्यांबद्दलचे खटले याच शब्दांना आणि अनुच्छेद २१ ला धरून लढले गेले. वाईट काळात लिहिलेलं चांगलं वाक्यही वापरायला शिकावं लागतं.

भाषेबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझा प्रश्न मराठीत आला म्हणून सांगतो. १९९२ च्या ७१व्या दुरुस्तीने कोकणी आठव्या अनुसूचीत गेली. मराठी तिथे पहिल्यापासून आहे. गोव्यात मराठीचं सरकारी कामातलं स्थान घटनेवर नाही, १९८७ च्या राजभाषा कायद्यावर उभं आहे, आणि राज्याचा कायदा विधानसभा बदलू शकते. सातव्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-अ अल्पसंख्य भाषिक मुलांना मातृभाषेत प्राथमिक शिक्षण देण्याचा 'प्रयत्न' करायला सांगतो. त्यापलीकडे तो जात नाही. गावची मराठी शाळा टिकवायची तर पट टिकवावा लागेल.

तुझ्या मैत्रिणीला या दुरुस्त्यांनी सर्वांत जास्त ताटकळत ठेवलं. गावडा, कुणबी आणि वेळीप समाज जानेवारी २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आले. अनुच्छेद ३३२ नुसार विधानसभेत लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव हव्यात. पण ८४व्या आणि ८७व्या दुरुस्तीने मतदारसंघांचा हिशेब २००१ च्या जनगणनेला बांधून ठेवला, पुढचा बदल २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर. आणि २००१ मध्ये हे समाज यादीतच नव्हते! कागदावर गोव्यात आदिवासी निघाले अवघे ५६६. २०११ ला तो आकडा १,४९,२७५ झाला, एकूण १४,५८,५४५ मधले. साधा हिशेब केला तर ४० पैकी चार जागा. तरी वीस वर्षं एकही नाही, आणि अनुसूचित जातींसाठी मात्र पेडण्याची एक जागा राखीव. अखेर २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात संसदेने खास गोव्यासाठी हा हिशेब दुरुस्त करणारा कायदा मंजूर केला. तिला सांग, तो कायदा काढून वाच आणि जागा ठरवण्याची प्रक्रिया सुरू झाली की आपल्या गावची हरकत-सूचना लेखी दे. उशीर किती झाला हे तिला मी सांगायला नको.

आता तुझा एक-चौदा. कायद्याने आजोबा १९७६ मध्येच मालक मानले गेले, पण उतारा आपोआप बदलत नाही. मामलेदाराने खरेदीची किंमत ठरवायची, ती भरायची, मग सनद, म्हणजे मालकीचा दाखला मिळतो, आणि सनदेवरून म्युटेशन, म्हणजे फेरफाराची नोंद होऊन कब्जेदाराच्या रकान्यात नाव चढतं. पुष्कळ कुळांनी किंमत ठरवण्याचा अर्जच केला नाही, कारण शेत हातात होतं आणि घाई नव्हती. आजोबा गेले असतील तर आधी वारसांचे कागद लागतील, सगळ्या वारसांच्या नावांनिशी. लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावंही त्यात येतात, ती वगळू नका. जुन्या खंडाच्या पावत्या शोधा. फणसाच्या पेटीत, देवघराच्या फळीवर, कुठेही असतील. पावती एकच मिळाली तरी चालेल. त्या, ताजा एक-चौदा आणि सर्वेचा नकाशा घेऊन आईसोबत फोंड्याला ये. शनिवारी सकाळी मी कार्यालयात असतो.